फुली

मिकोवूफजवळच्या चाचणीघरात
बोगुमिला पेटीच्या झाकणाशी ओणवी.
झाकण आणि कड यांच्या मध्ये
गेजची पातळ पाती सरकवून बघते.
जात नाही.
जायला नकोच आहे.

नवा पोरगा विचारतो,
म्हणजे आत ठिणगी पडणारच नाही?
पडेल, ती म्हणते.
स्विच आहे तो, कधीतरी पडेलच.
वायूही शिरेल, आत स्फोटही होईल.
आपण स्फोट थांबवत नाही रे,
त्याला घराबाहेर पडू देत नाही.

मग आत मिथेन, भोवती मिथेन,
जाड भिंतीआड सगळे गप्प.
धप्प.
पेटी जागची हलत नाही.
आतली आग फटीकडे धावते
आणि त्या अरुंद लोखंडी वाटेत
अंगातला ताप हरवत हरवत
बाहेर येते तेव्हा
नुसती कढत फुंकर असते.
बाहेरच्या मिथेनला पत्ताही नाही.

पुन्हा. पुन्हा. पाच वेळा.
वहीत पाच टिंबं.

तिचे वडील एवाल्ड एकतीस वर्षं खाणीत होते.
एका रात्री खिशातून एक बोल्ट काढून
त्यांनी जेवणाच्या टेबलावर ठेवला.
सातशे मीटर खाली, स्विचपेटीखाली पडलेला.
आठांतला एक.
सात आहेत की अजून, मुकादम म्हणाला होता.
आईनं तो मिठाच्या भांड्याशेजारी सरकवला.
वडील जेवले नाहीत.
पहाटे परत खाली गेले, पाळी नसताना,
वीज तोडायला लावली,
आणि नवा बोल्ट स्वतः आवळून आले.
त्या दिवसाची मजुरी कापली गेली.

आता प्रमाणपत्रावर तिची सही,
आणि क्रमांकाच्या शेवटी एक बारकी फुली.
शाळेत फुली म्हणजे चूक.
इथं फुली म्हणजे: थांब, खालचं वाच.
केबलला ओढ बसू देऊ नये.
काचेला धक्का लागू देऊ नये.
ओल्या फडक्यानंच पुसावं,
कोरड्या घासण्यातही ठिणगी असते.

वाचतात का लोक, पोरगा विचारतो.
ती उत्तर देत नाही.
गेल्या वर्षी एका कारखान्यात
रंगाऱ्यानं पेटी छान हिरवी केली होती,
नावपट्टीसकट.
नखानं खरवडून खरवडून
तिनं ती फुली शोधली.

बोल्ट अजून तिच्या मेजावर असतो.
कागद उडू नयेत म्हणून, असं ती सांगते.
खोलीला खिडकी नाही.