मुरायला ठेवलेलं

सोमवारी विल्फनं स्वयंपाकघरातलं टेबल बळकावलं.
जुनं मेणकापड अंथरलं, चष्मा पुसला,
खोक्यातून एकेक बाटली काढून
ओळीनं लावली, धक्क्याला बोटी लागाव्यात तशी.
ग्लिसरीन, मधासारखं घट्ट, चव मात्र कशाचीच नाही.
ग्लायकॉल, पाण्याहून जरा आळशी.
निकोटीनची एवढीशी कुपी,
तिच्यावर लाल चौकटीत उद्गारचिन्ह.
आणि व्हॅनिला कस्टर्डचा अर्क,
ज्याचं झाकण उघडताच आमची मांजर
उठून बाहेर गेली.

चाळीस वर्षं ग्रिम्सबीच्या धुरीघरात
हॅडॉक टांगले या माणसानं.
भुसा किती धुमसू द्यायचा ते नाकानं ठरवायचा.
घड्याळ नाही, काटा नाही.
आणि घरी येऊन मागच्या दारात सिगारेट पेटवायचा,
दिवसभराचा धूर जणू कमी पडला.
मला तो धुरासकटच मिळाला होता.
माझी तक्रार नव्हती.

मग ऑक्टोबरात डॉक्टरीणबाईंनी
त्याला एका नळीत फुंकायला लावलं.
आकडा वाचला नाही,
फक्त कागद त्याच्याकडे वळवला.
तो आकडा त्यानं मला अजून सांगितलेला नाही.

नातवानं, कॅलमनं, वहीच्या पानावर हिशेब लिहून दिला:
तीस मिलीला निकोटीन दहा, अर्क दीड,
उरलेल्यात ग्लिसरीन जास्त, ग्लायकॉल थोडं.
"दीड म्हणजे दीड, आजोबा."
विल्फ हसला.
बटाट्यावरचं मीठ ज्यानं जन्मात मोजलं नाही
त्याला हा पोरगा दीड शिकवणार!

ओतले सहा.

पहिला झुरका घेतला आणि तोंड असं केलं
की मला वाटलं कवळी निसटली.
"साबण," तो म्हणाला. "नुसता साबण."
अति तिथे माती म्हणतात,
आमच्याकडे साबण झाला.
सगळं एका डब्यात बंद करून
डब्यावर मोठ्या अक्षरात 'विष' लिहून
तो अर्धा तास खिडकीपाशी उभा राहिला.
मी चहा केला. काही बोलले नाही.
(बोलण्यासारखं पुष्कळ होतं.)

बुधवारी पुन्हा.
या वेळी धुरीघरातले निळे हातमोजे,
ओठ आत ओढलेले, पिचकारी डोळ्यांच्या रेषेत.
एक, एक पूर्णांक दोन, चार.
शेवटचा थेंब टोकाशी लटकला. पडेना.
मी श्वास धरून उभी,
आणि मग स्वतःवरच चिडले:
एवढा जीव मी कशात घातला होता याआधी?

पडला.

झाकण लावून बाटली हलवली, दुधाळ झाली.
कागदी चिकटपट्टीवर तारीख घातली.
कॅलमचा फोन: "कस्टर्ड आहे, लगेच उघडू नका.
तीन आठवडे अंधारात मुरू दे."
मुरणं मला कुणी शिकवायला नको.
वरच्या फळीवर माझं नाताळचं पुडिंग
ब्रँडी पिऊन कापडात झोपलंय,
त्याच्या शेजारी, उंचावर, कुलपात, ही बाटली.
तोवर विल्फ दुकानातली पुदिन्याची वाफ ओढतो
आणि कुरकुरतो, दंतमंजन ओढतोय म्हणून.
सिगारेटचं एक पाकीट टपालाच्या खणात आहे.
मला माहीत आहे. त्याला माहीत आहे
की मला माहीत आहे.
रोज मोजते. अकरा आहेत.
नऊ दिवस झाले, अकराच आहेत.

काल रात्री झोप येईना. खाली आले,
कुलूप काढलं, बाटली दिव्यासमोर धरली.
रंग बदललाय, फिक्या चहासारखा.
उलटी केली तर एक बुडबुडा
घाई नसल्यासारखा वर चढत गेला,
ग्लिसरीनमधून, सावकाश.
तो पोचेपर्यंत मी थांबले.
पुन्हा उलटी केली.

सकाळी विल्फ फळीपुढे उभा.
"लेबल माझ्याकडे होतं. भिंतीकडे कसं वळलं?
तू हलवलीस?"
"मी कशाला," मी म्हणाले,
आणि त्याच्या टोस्टवर
लोणी जरा मोजूनच लावलं.