सिल लेव्हल

स्मरणिकेसाठी एक पान हवं, म्हणाले कुलसचिव,
मुख्य इमारतीवर, शनिवारपर्यंत.
तुम्ही बांधकाम विभागात, कागद तुमच्याच कपाटात.

कागद होते. अमोनियाचा वास अजून धरून असलेले
निळे नकाशे, घडीवर फाटलेले.
टेकडीचाच काळा दगड. भिंती दुहेरी,
मध्ये चार बोटं पोकळी, वैशाखानं तिथंच थांबावं म्हणून.
गच्चीवर चुन्याखाली उलटी घातलेली मडकी,
तीन हजार दोनशे, धरणगावच्या कुंभाराची पावती,
फुटकी सत्तर, वजा.
मधल्या चौकात लिंब. तो नकाशाच्याही आधीचा,
एक वाकडंतिकडं वर्तुळ, शेजारी शाईत : 'तोडू नये'.

एवढ्यावर पान भरलं असतं.

पण नदीकडच्या छेदात, वाचनालयापाशी,
खिडकीची उंची साडेतीन फूट, खोडलेली.
पेन्सिलीनं पावणेदोन.
बाजूला आर्किटेक्ट कर्णिकांचं तिरपं अक्षर :
'मुकादम उखर्डू कोळी यांची हरकत मान्य.'
आणि खाली, जसं ऐकलं तसंच उतरवलेलं :
"बठेल मानूसले नदी दिखाले जोयजे."

उखर्डू कोळी. हजेरीपटावर शोधलं.
अंगठा. रोज साडेसहा रुपये.
बाप नावेवर होता त्याचा, दगाजी शिपाई सांगतो,
पूल झाला तेव्हा अंगणात उलटी घातली नाव,
कोंबड्या राहायच्या खाली.

मी वाचनालयात गेले. खुर्ची ओढली.
अठरा वर्षं इथं उभ्याउभ्याच येत होते,
फाइल द्यायला, सही घ्यायला.
काउंटरपासून दिसतो हायवे, केळीचे ट्रक.
खिडकीशी बसलं की गिरणा.

म्हणजे गिरणेची जागा.
उपसलेल्या वाळूचे खड्डे, बाभळी, एक ट्रॅक्टर,
पाण्याची बारीक पट्टी
कुणी पुसायची विसरल्यासारखी.

मग दुसरी पावती आठवली :
वाळू, गिरणा पात्र, अकराशे ब्रास.
खिडकीच्या कडेवर टेकवलेला कोपर
उचलला मी. खरखरत होतं.

शेजारी एक मुलगी एमपीएससीचं पुस्तक उघडं टाकून
बाहेर बघत होती.
काय दिसतं गं?
"काही नाही," म्हणाली, आणि बघत राहिली.

शनिवारी पान दिलं.
क्षेत्रफळ, खर्च, कोनशिला, मडकीसुद्धा.
पावणेदोनवर सरांचं पेन थांबलं,
टायपिंगची चूक दिसते, साडेतीन करा.

मोजून बघा, म्हटलं, टेप आणते.
पण बसून मोजा.