तूट : पाव किलो

फॉर्मवर पत्त्याला जागा होती दोन बोटं.
काशिलिंग म्हणाला, लिवा :
मिरज जंक्शन, फलाट तीन,
पाण्याच्या टाकीखाली, खांबाला टेकून.
लिहिलं. अक्षरं बारीक करावी लागली.
जन्मतारीख विचारली तर नुसता हसला.
मी घातली एक जून,
कवलापूरच्या गुरुजींनी माझीही तीच घातली होती.
तेवढं एक आमचं जुळलं.

सकाळी पाचवीच्या वर्गात बसायचा,
मिसरूड फुटलेलं, गुडघे बाकाखाली मावत नसत.
दुपारी कुपवाडला, माझ्या शेडमध्ये.
अकरा पोरं, नऊ स्टुलं,
आणि जळलेल्या मोटारींची रांग.

पहिल्या दिवशी तारेचं रीळ हातात दिलं
तर त्यानं टोक जिभेवर ठेवलं.
"असली हाय," म्हणाला.
तांबं त्याला आधीपासूनच ओळखीचं.
रुळांच्या कडेला टायर पेटवायचा,
केबलीचे गुंडाळे त्यात टाकायचे,
काळा धूर गिळत बसून राहायचं,
मग राखेतून वेचायचं लाल लाल
आणि भंगारवाला देईल तो भाव घ्यायचा.
तारेतून वीज जाते
हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.
तार म्हणजे जाळायची वस्तू,
एवढंच त्याचं विज्ञान.

विसाच्या पुढे मोजता येत नव्हतं.
एका खाचेत वेढे बेचाळीस.
वीस झाले की पायाशी एक खडा,
परत वीस, परत खडा, मग दोन.
दोन विसा दोन.
माझी आई अशाच शेण्या मोजायची.
शाळेतून लोकापुरे बाईंचा फोन आला,
पोरगं गणिताच्या पेपरला खिशातून खडे काढतंय,
काय करू?
म्हटलं, बाई, काढू द्या.

श्रावणात एक रीळ गेलं.
नवं, साडेतीन किलोचं.
त्याच दिवशी तोही गेला.
ट्रस्टी चौगुले फोनवर म्हणाले,
"सांगत होतो, मगदूम. सवय सुटत नसते."
मी उत्तर दिलं नाही. माझ्याही मनात तेच होतं,
हे इथं लिहून ठेवतो.

मिरजेला गेलो. फलाट तीन, टाकी, खांब.
टेकून एक पोरगं बसलेलं, सात-आठ वर्षांचं,
मी बघतोय म्हटल्यावर उठून पळालं.
पत्ता बरोबर होता,
माणूस दुसरा.

चौथ्या दिवशी शटर उघडायला आलो
तर पायरीवर बसलेला, मांडीवर रीळ.
टोक नीट अडकवलेलं, मी शिकवलं होतं तसं.
"पाव किलो कमी हाय. तोलून घ्या."
तोललं. पाव किलोच कमी होतं,
काटा केसभरही इकडंतिकडं नाही.
कुणासाठी, कशाला, ओठांवर आलं होतं.
मग त्याच्या बोटांकडे पाहिलं.
काजळी नव्हती.
म्हटलं, झाडू मार, नऊला मोटारी यायच्यात.

वहीत लिहिलं,
तूट : पाव किलो. कारण :
आणि पुढे रेघ तशीच सोडली.

अकरातले आता पाच येतात.
दोघांचे फोन लागत नाहीत.
सुकुमार केटरिंगवाल्याबरोबर पुण्याला गेला म्हणे.
दस्तगीर स्टेशनवर दिसतो,
मी हात केला की पाठ करतो.
ही तूट मांडायला वहीत रकाना नाही.

काशी मात्र आहे. आठवी बाहेरून दिली,
इंग्रजीत राहिला, पुन्हा बसणार म्हणतो.
परवा तासगावची पाणबुडी मोटार त्यानं एकट्यानं भरली,
पिंपात सोडून चालू केली, कान लावून ऐकत बसला,
ती घुमत राहिली
तरी बराच वेळ उठला नाही.

दर मार्चला ऑडिटवाले येतात,
त्या ओळीवर बोट ठेवतात,
"मास्तर, इथं कारण?"
काशी तेवढ्यात चहा आणून ठेवतो, जातो.
मी म्हणतो,
लिहायचं राहिलंय.