ते कुठं गेलं?

संध्याकाळी सहाचा वर्ग. तासिका तत्त्वावर.
भाषा विभागाच्या मागची खोली, एक ट्यूब फडफडणारी.
खिडकीबाहेर मोर; त्याला फ्रेंचची फी माफ.
पटावर अकरा, आले सात,
त्यातला एक थेट चांदीच्या भट्टीवरनं.

मी फळ्यावर लिहिते: या भाषेत वस्तू दोनच जातींच्या.
एक तो, एक ती.
हुपरीचा मगदूम हात वर करतो,
नखांत चांदीचं काळं.
"मॅडम, मग ते कुठं गेलं?"
कुठलं ते?
"ते, आपलं. ते झाड, ते पाणी, ते पोरगं."

आता काय सांगू.
मी होते तिकडं नऊ महिने.
पॅरिसात नव्हे. पॅरिस म्हटलं की आत्याबाई खूश होतात,
म्हणून घरी अजून तेच सांगतो आम्ही.
ट्राम जिथं संपते तिथनं पुढं बीटाची शेतं
आणि शेतांच्या अलीकडे ते सरकारी विद्यापीठ,
सिमेंटचं, वळचणीखाली काळे ओघळ,
आपल्या सायन्स बिल्डिंगच्या मावसभावासारखं.

तिथली पोरं नर्सांची, ट्रक ड्रायव्हरांची.
शुक्रवारी दुपारी मळक्या कपड्यांच्या पिशव्या घेऊन
घरी पळायची, आयांकडे.
शनिवार-रविवार कॅम्पसवर उरायचो आम्ही:
मोरोक्कोची हुदा, कॅमेरूनचा एक गणितवाला,
मी,
आणि नाणी गिळणारं कॉफीचं मशीन.

मेसमध्ये वाढायला मादाम जोसियान.
माझा र ऐकून म्हणायची, घशातनं काढ बाळे,
थुंकणार होतीस पण थांबलीस, असा.
मी म्हटलं, आम्ही कोल्हापूरचे, तिखट खातो.
तिनं कौतुकानं मिरपूड पुढं केली.
चिमूटभर.
मी खाल्ली आणि हाश्शहुश्श केलं, तिच्यासाठी.

मार्चात संप झाला. काहीतरी फीचं होतं.
पोरांनी वर्गातल्या खुर्च्या दारात रचल्या, छतापर्यंत,
एकीच्या पायात दुसरीचा पाय अडकवून.
मी बाहेर, हातात फोटोकॉपीचं कार्ड,
आत जावं की घोषणा द्यावी कळेना.
मग बघितलं, सगळं आहे, एकच गोष्ट नाही:
आपल्या मेन गेटवर पोरं बसली की
अर्ध्या तासात चहावाला येतो, उधारीची वही घेऊन.
म्हणून मी केला. किटलीत, आल्याशिवाय.
गणितवाल्यानं पेले फिरवले.
खुर्च्यांच्या फटीतनं एका मुलीनं हात काढला, विचारलं,
तुझं गाव मोठं का?
म्हटलं, मुंबई नव्हे.
"हां," म्हणाली, "म्हणजे इथल्यासारखं,"
आणि फुंकर न मारता प्याली.

तिकडं विद्यापीठ ती असते.
मला जमलं नाही तिला ती म्हणायला.
परीक्षेच्या पेपरातसुद्धा अडखळले,
दोन मार्क गेले.
ती म्हटलं की कुणाची तरी होते,
कुणी तरी दाराशी उभं राहून विचारतं, तू हिची कोण?
ते म्हटलं की बरं असतं.
ते आपलं उघड्यावर पडलेलं, वाऱ्याला, मोरांना,
पहाटे चालायला येणाऱ्या पेन्शनरांना,
कमवा-शिकातनं बागेला पाणी घालून
ओल्या पँटीनं तासाला बसणाऱ्या पोरांना.

पण हे व्याकरण नव्हे. हे मगदूमला सांगता येत नाही.
मी म्हणते, लॅटिनमध्ये होतं रे, वाटेत पडलं.
"सापडलं न्हाई?"
वर्ग हसतो. झोपलेलाही.

परवीन बागवान हसत नाही.
तिनं वहीत दोन रकाने आखलेत, पट्टीनं,
आणि उजवीकडे तिसरा, रिकामा.
"मॅडम, ह्यो खोडू का?"

राहू दे, म्हणते.
साडेसात होतात. घोटणे मामा किल्ल्या वाजवत येतात,
केएमटीची शेवटची गाडी, पळा पळा.
सायबर चौकापर्यंत आल्यावर आठवतं,
मस्टरवर सही राहिली.
म्हणजे आजचा तास बिलात धरणार नाहीत.
म्हणजे तो झाला नाही.
ते झालं.