जाडं मीठ

इस्त्रीवाल्या रामआसरेकडून मूठभर कोळसा आणला,
तर तो रेघ काढत नाही, ओरखडतो.
म्हणून मग शेवग्याच्या काड्या
सोलून, वाळवून बिस्किटांच्या डब्यात कोंबल्या,
झाकणाच्या फटीला कणीक लिंपली,
आणि गच्चीवर, टाकीच्या आडोशाला
तीन विटांवर चढवला डबा.
खालून मढवीकाकू ओरडल्या, कुणाचं काय जळतंय गं?
काड्या भाजायच्या होत्या काकू, जाळायच्या नव्हत्या.
हे चौथ्या मजल्यावरून ओरडून सांगता येत नाही.

शेवग्याचा काळा राखेकडे झुकलेला.
पेरूचा जरासा तांबूस.
वाळक्या तुळशीचा सगळ्यात मऊ,
बोट फिरवलं की धूर परत आल्यासारखा.
तो मी आईला दाखवला नाही.

पुसायला पाव. कालचा बरा, ताजा चिकटतो.
रात्री दोनला भूक लागली
तर एका टोकाने तो रेघा खातो,
दुसऱ्या टोकाने मी त्याला.

घणसोलीच्या जेट्टीवरून
दुधाच्या पिशवीत गाळ आणला.
ओला असताना डुंबून आलेल्या म्हशीच्या पाठीचा रंग,
वाळल्यावर तडे, मग पोपडे,
सकाळी अख्खं चित्र फरशीवर
आणि कागद कोरा, निर्लज्ज.
डिंक घालून पाहिला. मुंग्या आल्या.
त्यांची ती ओळ
माझ्या त्या महिन्यातल्या कुठल्याही रेघेपेक्षा
जास्त ठाम होती.

मग शाईवर मीठ.
ओल्या शाईवर चिमूटभर टाकायचं,
दाणा आपल्याभोवतीचं पाणी ओढतो,
उजेडाचा एकेक ठिपका उरतो. वर्गात सगळ्यांना जमलं.
मला नुसता गोवर उठल्यासारखा कागद.

पोशाबाबा दारात बसला होता,
आजोबांचा धाकटा भाऊ, गुडघ्यावर तेल चोळत.
मी त्याचाच पाय काढत होते, त्याला न सांगता.
म्हणाला, ह्ये काय, पिशवीतलं मीठ?
बारीक नको. जाडं घे.
आनि सारखी फुंकर मारू नको.
मीठ हलवलं का बसत नाय.

एवढंच. मग परत तेल.

हा माणूस सव्वीस वर्षं मिठागरात फळी ओढत होता.
त्याच्या कोंड्या होत्या तिथे आता बावीस मजले
आणि मधोमध पोहण्याचा तलाव.
एकदा फाटकाबाहेरून बघून म्हणाला होता,
पानी भरलंय, पन पिकत काय नाय.

वाण्याकडे जाडं मीठ मागितलं.
तो म्हणाला, लोणचं का?
मी हो म्हटलं.

खडे टाकले. पंखा बंद केला.
हात मांडीखाली दाबून बसले,
काहीच न करणं हे माझ्याकडून
पहिल्यांदाच करून घेत होतं कुणी.
तासाभराने शाई दाण्यांकडे सरकली,
चौकोन सुटले, बांध उठले,
आणि टाचेच्या जागी, जिथे मी काहीच काढलं नव्हतं,
तिथे टाच फुटली, भेगांसकट.

सोमवारी निमकर मॅडमनी कागद उजेडाला धरला.
टेक्सचर छान, म्हणाल्या. पण ड्रॉइंग कुठंय?
आणि हे टिकणार नाही. मीठ आहे, हवेतलं पाणी ओढत राहील.
वीसपैकी अकरा.

टिकत नाहीच आहे.
दमट दिवशी पाय पुन्हा ओला होतो,
कडा सरकतात, शाई अजून जात असते कुठेतरी.
फिक्सेटिव्ह म्हणून ताईचा हेअरस्प्रे मारला,
त्याने फक्त वास आला, लग्नाला निघाल्यासारखा.

बाबाला दाखवला शेवटी.
त्याने पाय ओळखला की नाही, कळलं नाही.
बोट टेकवून जिभेला लावलं,
थोडा विचार केला,
म्हणाला, आपलं नाय हे. गुजरातचं हाय.
आणि काळं झालेलं बोट
लुंगीला पुसून टाकलं.