रांजणवाल्याची वेबसाइट

पहिल्या भेटीला सेवेरियान रिकाम्या हातानं आला नाही.
पाच लिटर वाईन, मक्याची भाकरी,
आणि ओल्या फडक्यात बांधलेला मातीचा गोळा.
म्हणाला, आधी माल बघून घ्या.

मी कुताइसीत, बाजारामागे, तिसऱ्या मजल्यावर
वेबसाइटी बनवते. दातांचे डॉक्टर, टायरवाले,
एक नाचाची शाळा, जिचे पैसे अजून यायचेत.
रांजणवाला पहिलाच.

विचारलं, गिऱ्हाईक कोण?
तहानलेलं.
रंग कोणता हवा?
भट्टीतून निघेल तो.
मी वहीत लिहिलं: विटकरी. पुढे प्रश्नचिन्ह.

कागदावर चौकोन आखले. इथे नाव, इथे फोटो,
इथे मागणी नोंदवा.
मजकूर नव्हता तिथे भरताड घातलं,
अर्थ नसलेल्या ओळी, नुसत्या जागा धरायला,
बाकावर टाकलेल्या रुमालासारख्या.
तो चष्मा लावून ते सगळं वाचत बसला.
पंधरा मिनिटांनी म्हणाला,
छान लिहिलंय. कळलं मात्र नाही.

मग त्यानं त्याचं सांगितलं:
दिवसाला मातीचं एकच वेटोळं.
खालचं सुकल्याशिवाय वरचं चढवायचं नाही,
घाई केली की पोट सुटतं.
आतून मेण. मग मानेपर्यंत जमिनीत पुरायचा,
माणसाच्या दुप्पट उंचीचा रांजण,
आणि वर दिसतं ते फक्त तोंड.
कोड लिहिणारा लाशा मान न वळवता बोलला,
हे जरा टायरवाल्यांनाही सांगा.

घोडं अडलं ते फोटोवर.

मी रांजण मागितले, त्यानं अंगण पाठवलं.
अक्रोडाचं झाड, पायरीवर मांजर,
दोरीवर वाळणारा निळा एप्रन.
मी म्हटलं, लोक झाड विकत घेणार आहेत का?
म्हणाला, झाडच पहिल्या पानावर. मोठं.
बरं, निदान एप्रन तरी पुसू का? एका मिनिटाचं काम.
तो इतका वेळ गप्प राहिला
की फोन कटला असं वाटलं.
नको, म्हणाला.

तीन आठवडे घोंगडं भिजत राहिलं.
शेवटी मीच हरले. ज्याचं अंगण, त्याचं पान.
मार्चमध्ये साइट सुरू झाली.
त्यानं फोनवर एवढंच विचारलं,
परदेशातही असंच दिसतं ना? झाड कापलं जात नाही ना?

एप्रिल. मागण्या: शून्य.
मे. मागण्या: एक, तीही चुकून, फुलदाणीसाठी.
मला लाज वाटली. आकडे उघडून बसले,
कुठे चुकलं ते शोधायला.

रोज रात्री, आमच्या घड्याळात एकच्या सुमारास,
बोलोन्याहून एकजण.
अकरा मिनिटं, कधी बारा.
दुसऱ्या कुठल्याच पानावर जात नाही.
किमती बघत नाही.

आमच्या जिन्यातल्याही तिघीजणी इटलीत आहेत,
परक्यांच्या म्हाताऱ्या आयांना भरवायला, उठवायला.
मी सेवेरियानला काही विचारलं नाही.
दिसत नाही तिथे खणू नये.

नोव्हेंबरात तो स्वतः आला, पेन ड्राइव्ह घेऊन.
तेच अंगण. झाड उघडं, खाली अक्रोडांचा ढीग,
मांजर जाडजूड.
दोरीवर तोच एप्रन, धुऊन.
बदला, म्हणाला. बिल किती?
मी लिहिलं: फोटो बदलणे, शून्य.
तो भांडला. मग मी अक्रोड घेतले.

त्या रात्री बोलोन्याची चाळीस मिनिटं.

लाशा म्हणतो, त्यात काय एवढं,
कुणीतरी फोन तसाच उघडा ठेवून झोपलं असेल.

असेलही.