उजवीकडचा पडदा

भूपेश हैदराबादला गेला
तेव्हा स्वतःचा मॉनिटर घेऊन गेला.
आमच्या टेबलावर उरला
धूळ न बसलेला एक चौकोन.

मनीषनगर. दुपारचे अडीच. पंचेचाळीस अंश.
कूलरमधून ओल्या वाळ्याचा वास.
मी एक ड्रायव्हर टाकला
आणि कॉम्प्युटरला पटलं
की उजवीकडे अजून एक पडदा आहे.
रुंदी, उंची, साठ हर्ट्झ,
सगळं त्यानं निमूट मांडून दाखवलं.
पुरावा मागितला नाही.

आता बाण कडेला जातो
आणि अडत नाही.
भिंतीत शिरतो,
कॅलेंडरच्या खिळ्याजवळ कुठेतरी
भटकत असेल.

आई मागे बसून
तुरीच्या शेंगा सोलत होती.
"काहून रे, कुठी गेला तो?"
आहे ना, म्हटलं. फक्त दिसत नाही.
"मंग त्याच्यासाठी बी
मांडू का चहा?"

मी हसलो. मग
भूपेशची अर्धवट फाईल
ओढत ओढत नेली तिकडे,
ठेवली उघडीच.

तीनला लाईन गेली.
कूलर घरघरत थांबला,
थेंब मात्र पडत राहिले.
माझ्यासमोरचा पडदा काळा झाला.
दुसऱ्याचं काय झालं
इथून कळत नाही.